गोळी आणि हेतू : युद्धविषयक विज्ञानकथेतील राजकारण व वसईचे दोन तह

मराठी भाषकाच्या तोंडी अठराव्या शतकातील दोन घटना म्हणीसारख्या रुळल्या आहेत. एखाद्या कार्याचा पुरता विचका झाला की त्याचे ‘पानिपत झाले’ असे म्हणतात. आणि कोणी ‘विश्वास ठेवा’ असे म्हटले, की ‘विश्वास तर पानिपतात गेला’ हे उत्तर तयारच असते. दुसरी घटना ‘ध’चा ‘मा’ होण्याची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव यांच्या पत्रात मुळात ‘धरावे’ असे होते, आनंदीबाईंनी एक अक्षर पालटून त्याचे ‘मारावे’ केले, असे परंपरा सांगते. पहिल्या घटनेच्या मुळाशी एक गोळी आहे, दुसरीच्या मुळाशी एक अक्षर. लोकस्मृतीला अशी चिमुकली कारणे प्रिय असतात, याचे कारण उघड आहे. गोळीला हेतू नसतो, आणि अक्षर पालटले असे म्हटले म्हणजे मूळ पत्र लिहिणाराचा हेतू झाकला जातो. घरातील थोरल्या माणसाच्या मनात काय होते, हा अवघड प्रश्न मग कोणी विचारीत नाही.

युद्धावरील विज्ञानकथेलाही अशी चिमुकली कारणे प्रिय आहेत. किंबहुना ‘अमुक एक गोष्ट घडली नसती तर’ या एका प्रश्नावर तिचा एक संपूर्ण प्रकार उभा आहे. मराठीत या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध कथा म्हणजे जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. नारळीकर (१९३८–२०२५) हे खगोलशास्त्रज्ञ म्हणून जगाला परिचित. परंतु १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी आपली पहिली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने मांडून त्यांनी हे टोपणनाव सिद्ध केले. अक्षरांची उलटापालट करून वेगळा माणूस उभा करण्याची ही हौस त्यांच्या पुढील कथांशी सुसंगत अशीच म्हटली पाहिजे.

कथेचा नायक प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हा इतिहासाचा अभ्यासक. पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, या विचारात असताना पुण्यात त्याला मालट्रकची धडक बसते आणि तो एका निराळ्याच जगात जागा होतो. तेथून तो आगगाडीने मुंबईस येतो. वाटेत ‘सरहद’ नावाच्या स्थानकावर ॲंग्लो-इंडियन अधिकारी परवाने तपासतो, कारण तेथे ब्रिटिशांचा मुलूख सुरू होतो. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अद्याप नांदती आहे. टाउन हॉलमधील ग्रंथालयात गंगाधरपंत इतिहासाचे खंड मागवितो आणि चाळू लागतो. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत सारे त्याच्या ओळखीचे आहे. फरक पडतो तो शेवटच्या खंडात. पानिपतावर मराठे जिंकतात, कारण विश्वासरावांच्या रोखाने आलेली गोळी तिळाएवढ्या अंतराने कानाजवळून निघून जाते. १४ जानेवारी १७६१ या दिवशी आपल्या जगात ती गोळी त्यांना लागली होती.

कथेच्या अखेरीस राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ मित्र या चमत्काराची उपपत्ती सांगतो. एका क्षणी दोन शक्यता असतात, त्यांपैकी कोणती प्रत्यक्षात येईल हे आधी ठरलेले नसते. आणि अणूच्या अंतरंगात चालणारा अनिश्चिततेचा नियम मनुष्याच्या इतिहासालाही लागू पडत असेल, तर दोन्ही जगे एकाच वेळी असू शकतात. गोळीपुरती ही उपपत्ती समाधानकारक आहे. गोळीच्या मार्गात वारा आड येतो, घोडा मान हलवितो, बंदूकवाल्याचा हात कापतो. यांतल्या कशासही राजकारण लागत नाही.

परंतु पानिपत जिंकल्याने हिंदुस्थान स्वतंत्र राहतो, हे त्या एका गोळीने सिद्ध होत नाही. मध्ये दीडदोनशे वर्षे पडतात, आणि त्या वर्षांत माणसे आहेत. याची जाणीव कथाकारास आहे, हे कथेतील एका वाक्यावरून दिसते. लेखकाने स्वतःच सिद्ध केलेल्या इंग्रजी रूपात (‘द ॲडव्हेंचर’ या नावाने ते अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातही आले आहे) त्या निराळ्या जगाचा इतिहासग्रंथ सांगतो, की विजयामुळे भाऊसाहेब व विश्वासराव यांचे वजन वाढले. कुरापतखोर दादासाहेब मागे सारले गेले आणि यथाकाल राजकारणातून निवृत्त झाले. त्यानंतर विश्वासराव आणि त्यांचे बंधू माधवराव शौर्याच्या जोडीला मुत्सद्देगिरी दाखवून कंपनीला तिच्या वखारींपुरते कोंडतात.

या वाक्याच्या व्याकरणाकडे लक्ष दिले पाहिजे. गोळी कानाजवळून गेली, या घटनेला कथेत पुष्कळ जागा आहे. बखरीचे फाटके पान आहे, शास्त्रीय चर्चा आहे. दादासाहेबांच्या वाट्याला मात्र एक वाक्य आले, आणि तेही असे की त्याचा अर्धा भाग कर्त्यावाचून आहे. दादासाहेब ‘सारले गेले’. कोणी सारले? कोणत्या उपायाने? आणि ज्या माणसाला आयुष्यभर निवृत्ती साधली नाही, तो ‘निवृत्त झाला’ तो आपणहून की नाइलाजाने? मराठीत कर्म पुढे करून कर्ता गाळण्याची सोय आहे, इंग्रजीतही आहे. आणि इतिहासलेखक ती सोय नेमकी अशाच जागी वापरतो, जेथे कर्ता सांगणे गैरसोयीचे असते. पहिली गोळी विश्वासरावांस चुकली. या वाक्यातील दुसरी, न दिसणारी गोळी दादासाहेबांस बरोबर लागली आहे, आणि कथेतील स्वतंत्र हिंदुस्थान पहिलीपेक्षा या दुसरीवरच अधिक अवलंबून आहे.

दादासाहेब म्हणजे रघुनाथराव. १७५८ मध्ये मराठ्यांची फौज अटकेपर्यंत नेण्याचे श्रेय त्यांचे. तेव्हा ते भित्रे किंवा नालायक होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांचा हेतू साधा आणि सनातन होता : वडील बंधूंच्या पश्चात दौलतीची मुखत्यारी आपली असावी. १७६१ च्या जून महिन्यात नानासाहेब पेशवे वारले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. १७६२ मध्येच चुलत्यापुतण्यांची फौज समोरासमोर उभी राहून आळेगाव येथे माधवरावांना शरण जावे लागले. पुढे माधवरावांनी चुलत्यास जेरीस आणून नजरकैदेत ठेवले. पण १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव गेले, आणि वर्षाच्या आत नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी त्या खुनाचा दोष रघुनाथरावांच्या माथी ठेवला. बारभाईंनी त्यांना हुसकावल्यावर ते इंग्रजांच्या आश्रयास गेले, आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेस त्यांनी जो तह केला, त्यात मदतीच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई ही दोन ठिकाणे लिहून दिली. त्याच वर्षी जानेवारीत धार येथे आनंदीबाईंना पुत्र झाला होता. त्याचे नाव बाजीराव. बापाने वसईवर सही केली तेव्हा तो अवघा दोन महिन्यांचा होता. त्याच्या सहीची वेळ पुढे यावयाची होती.

न्याय करावयाचा तर कथाकाराच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कथेतील जगात नानासाहेब पानिपताच्या धक्क्याने खचत नाहीत; ते जगतात, आणि विश्वासराव १७८० मध्ये त्यांच्यामागून पेशवे होतात. थोरला बंधू हयात, पुतण्या वयाने परिपक्व आणि विजयी, तेव्हा रघुनाथरावांना संधी मिळाली नसती हे संभवनीय आहे. हेतू नाहीसा होत नाही, पण त्याला अवसर मिळत नाही. एवढे दोन वाक्यांत कथेला सांगता आले असते. ते न सांगता तिने केवळ निवृत्ती जाहीर केली, आणि वाचकानेही ती मानली. कारण पानिपत हा शत्रूकडून झालेला अपघात मानण्याची सवय आपल्या भाषेला आहे, आणि घरातला कलह हा विषय ‘ध’चा ‘मा’ करून कधीच मिटविलेला आहे.

ज्या प्रश्नावरून मराठी कथा अशी चटकन पुढे जाते, त्याच प्रश्नावर सुमारे त्याच काळात जपानात एक दीर्घ युद्धकथा रचली गेली, ही तुलनेस सोयीची गोष्ट आहे. जपानी ‘अ‍ॅनिमे’, म्हणजे चितारलेल्या आकृतींना गती देऊन केलेली चित्रमालिका, हा प्रकार मुलांच्या करमणुकीसाठी असतो अशी आपल्याकडील अनेकांची समजूत आहे. एप्रिल १९७९ मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू झालेली योशियुकी तोमिनो यांची ‘मोबाईल सूट गंडाम’ ही मालिका त्या समजुतीत बसत नाही. तिच्यात माणसाच्या आकाराची अजस्र युद्धयंत्रे आहेत, हे खरे, आणि त्या यंत्रांची खेळणी खपावीत हा निर्मितीमागील एक हेतूही होता. परंतु प्रारंभी प्रेक्षक थोडे, म्हणून त्रेचाळीस भागांतच आवरती घ्यावी लागलेली ही मालिका पुढे टिकली, ती तिच्यातील राजकारणामुळे.

पृथ्वीवर माणसे मावेनाशी झाल्याने अंतराळात वसाहती वसविल्या गेल्या आहेत. त्यांपैकी पृथ्वीपासून सर्वांत दूरची वसाहत ‘झिऑन’ या नावाने स्वतंत्र राज्य पुकारून पृथ्वीच्या संघराज्याविरुद्ध युद्ध करते. या मागणीत तथ्य आहे, हे मालिका नाकारीत नाही. दूरच्या राजधानीतून आपला कारभार कोणी का हाकावा, हा प्रश्न वसाहतीच्या माणसाने विचारावा यात अन्याय काही नाही. परंतु ही न्याय्य मागणी ज्या घराण्याच्या हाती गेली, त्या झाबी घराण्याचे हेतू निराळे आहेत. म्हाताऱ्या राजाला तह हवा आहे. थोरला पुत्र गिहरेन याला सर्व मानवजातीवर सत्ता हवी आहे. कन्या किसिरिया हिला भावाच्या वरचे स्थान हवे आहे. धाकटा गार्मा याला केवळ आपण बापाच्या नावावर जगत नाही, एवढे सिद्ध करावयाचे आहे. बाप शत्रूशी बोलणी करण्यास गेला असताना गिहरेन एका महाअस्त्राने शत्रूच्या आरमाराबरोबर बापासही जाळतो. त्यानंतर अखेरच्या लढाईत, झिऑनचे सैन्य बरोबरीने झुंजत असताना, किसिरिया पितृहत्येचा जाब म्हणून सेनापतीच्या दालनातच भावाला गोळी घालते. हुकूम देणारे मुख बंद पडते, फळी मोडते, युद्ध हरते.

येथेही एक गोळी आहे, पण ती चुकण्यासारखी नाही. मालिकेच्या पहिल्या भागापासून ती बंदुकीत भरलेली आहे.

याच मालिकेतील चार अझ्नाबल हे पात्र सर्वांत लोकप्रिय ठरले, आणि हेतूच्या दृष्टीने तेच सर्वांत गुंतागुंतीचे आहे. तो झिऑनचा नामांकित योद्धा. पण तो खरा कोण, तर ज्या तत्त्ववेत्त्याच्या नावावर ते राज्य उभे आहे, त्याचा मुलगा. बापाच्या मृत्यूस झाबी घराणे कारण झाले, अशी त्याची खात्री आहे. म्हणून तो नाव पालटून त्यांच्याच सैन्यात शिरतो आणि मित्र म्हणविणाऱ्या गार्माला शत्रूच्या तोफांपुढे ढकलतो. त्याचे वैर खासगी आहे, पण त्याचा परिणाम सार्वजनिक होतो. मराठी वाचकाला यात अपरिचित काहीच वाटू नये. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी देऊन मारले. त्यांचे बंधू यशवंतराव पुण्यावर चालून आले, ते दौलतीतील होळकरांचा हक्क मागत आले आणि भावाचे रक्त आठवीत आले. यांतला कोणता हेतू आधीचा, हे बहुधा त्यांनाही सांगता आले नसते. माणसाच्या हेतूचे असे दोन पदर एकमेकांत विणलेले असतात, आणि मोठी युद्धकथा ते सोडविण्याची घाई करीत नाही.

योशिकी तानाका यांच्या कादंबरीमालेवरून झालेली ‘आकाशगंगेतील वीरांची गाथा’ ही दुसरी जपानी चित्रमालिका (तिचे मूळ दहा खंड १९८२ ते १९८७ या काळातले) येथे केवळ एका पात्रासाठी आठवावी. लोकसत्ताक पक्षाचा सेनापती यांग वेन्-ली याला इतिहासकार व्हावयाचे होते. पैसा नव्हता आणि सैनिकी विद्यालयात इतिहासाचे शिक्षण फुकट होते, म्हणून तो सेनापती झाला. एका लढाईत शत्रूचा तरुण सरसेनापती त्याच्या तोफांच्या टप्प्यात येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या शरणागत सरकारचा ‘थांबा’ असा हुकूम येतो. तो थांबतो. लोकनियुक्त सत्तेचा हुकूम मोडून मिळविलेल्या विजयात आपल्या पक्षाचे काय उरेल, असा त्याचा विचार आहे. गंगाधरपंत हाही इतिहासकारच. पण त्याला गोळी चुकलेली वाचावी लागते, तर यांगच्या हातात ती न झाडण्याचा अधिकार आहे. तिळभर अंतर आणि माणसाचा निर्णय यांतील भेद याहून स्पष्ट क्वचितच दाखविता येईल.

आता वसईकडे वळावयाचे कारण असे, की गंगाधरपंताच्या कथेत जे गाळले आहे आणि झाबींच्या कथेत जे विस्ताराने आहे, त्याचे दोन खरे दाखले एकाच किल्ल्यात, त्रेसष्ट वर्षांच्या अंतराने घडले.

पहिला १७३९ चा. पोर्तुगीजांविरुद्धची उत्तर कोकणची मोहीम १७३७ मध्ये ठाणे घेऊन सुरू झाली आणि १७३९ च्या उन्हाळ्यात वसईच्या वेढ्याने संपली. किल्ला हाती येत नाही, तर मला तोफेच्या तोंडी देऊन आत उडवा, असे चिमाजी आप्पा म्हणाल्याचे परंपरा सांगते. वेढ्याचे वर्णन करणाऱ्याला याहून अधिक काही सांगण्याची गरज सहसा वाटत नाही. परंतु त्या मोहिमेतील हेतू एकजिनसी नव्हते. अंजूरकर नाईकांसारख्या स्थानिक घराण्यांना धर्मच्छळाचे दुःख होते, आणि गंगाजी नाईकांनी त्यासाठी पुण्यात वर्षानुवर्षे खेटे घातले. पेशव्यांना किनारा आणि त्याचा वसूल हवा होता. शिवाय १७३९ च्या त्याच महिन्यांत नादिरशहा दिल्लीत होता, आणि बाजीरावांचे लक्ष उत्तरेकडे लागलेले होते, म्हणून वसईचे काम लवकर उरकणे आवश्यक होते. मुंबईचे इंग्रज पोर्तुगीजांना तारण घेऊन थोडे कर्ज देतात, सैन्य देत नाहीत, आणि किल्ला पडल्यावर दोन महिन्यांत कॅप्टन इंचबर्डला पाठवून चिमाजी आप्पांशी व्यापाराचा तह करतात. गंडाम मालिकेतील कोणत्याही मुत्सद्द्याने शिकावे असे हे वागणे.

या सर्व भिन्न हेतूंना एकत्र बांधणारी गोष्ट एकच होती : दिल्लीकडे पाहणारा थोरला भाऊ आणि समुद्राकडे पाहणारा धाकटा भाऊ यांचा परस्परांवर विश्वास. म्हणूनच मे महिन्यात शरणागतीच्या अटी ठरल्या तेव्हा त्या उदार ठेवणे चिमाजी आप्पांना परवडले. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, वाद्ये वाजवीत, निशाणे घेऊन बाहेर पडू दिले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्माचरणाची मोकळीक दिली. लढाईला ‘धर्मयुद्ध’ म्हणणाऱ्या बखरीच्या भाषेत या कलमाचे स्पष्टीकरण सापडत नाही. ते राज्यकर्त्याच्या भाषेत सापडते. वसई परिसरातील सामवेदी आणि वाडवळी बोलणारा ख्रिस्ती समाज आजही मराठीचा आहे. त्याच समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि त्यानंतरच्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे आले, हा योग केवळ नोंद करण्यापुरता.

वसई जिंकणाऱ्या चिमाजी आप्पांचे पुत्र म्हणजे सदाशिवरावभाऊ. पानिपतावर विश्वासरावांना घेऊन गेले ते हेच.

दुसरा दाखला ३१ डिसेंबर १८०२ चा. २५ ऑक्टोबरला हडपसरजवळ यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव पळाले, सिंहगड, रायगड, महाड, सुवर्णदुर्ग असे करीत इंग्रजांच्या जहाजातून डिसेंबरात वसईस उतरले. यशवंतराव त्यांना परत बोलावीत होते, पण विठोजीला ज्याने हत्तीच्या पायी दिले, त्याला विठोजीच्या भावाच्या शब्दावर भरवसा कसा वाटावा? कर्नल बॅरी क्लोज यांच्यासमोर झालेल्या तहाने पेशव्यांनी सहा पलटणींची तैनाती फौज पत्करली, तिच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून दिला, सुरतेवरील हक्क सोडला, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत कंपनीची लवादी मानली, आणि कंपनीला विचारल्यावाचून कोणाशी युद्ध वा बोलणे न करण्याचे कबूल केले. मे १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात ते पुण्यास परतले. त्या सहीमागे राजकीय तत्त्व असे काही नव्हते, भय होते. पण ते भय निराधार नव्हते, आणि ते बाजीरावांनी स्वतःच्या एका कृत्याने निर्माण केले होते. खलनायक म्हणून त्यांना बाजूला ठेवले की हा कार्यकारणभाव दिसेनासा होतो. किसिरियाला दुष्ट म्हणून मोकळे होणाऱ्या प्रेक्षकाचीही अशीच फसगत होते.

पेशवा पळून नेमका वसईसच का उतरला, याचे उत्तर नकाशात आहे. सुरतेच्या तहाने साष्टी आणि वसई दोन्ही कंपनीला लिहून दिली होती. साष्टी तिने त्याआधीच, १७७४ च्या डिसेंबरात, ठाणे घेऊन बळकावली होती. वसई १७८० मध्ये गॉडर्डने घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांस परत मिळाली, साष्टी मिळाली नाही. त्यामुळे १८०२ मध्ये वसई ही पेशव्याची स्वतःची भूमी होती, आणि खाडीच्या पलीकडच्या तीरावर कंपनीचे राज्य होते. स्वतःच्या राज्यात राहून परक्याच्या आश्रयास जाता येईल, असे तेवढेच एक ठिकाण.

हा नकाशा मनात ठेवून गंगाधरपंताच्या आगगाडीत पुन्हा बसावे. ती कल्याण मागे टाकते, लांब बोगद्यातून बाहेर पडते आणि ‘सरहद’ स्थानकावर थांबते. कल्याणच्या पुढचा लांब बोगदा म्हणजे पारसिकचा. तो पार केला की ठाण्याची खाडी येते, आणि खाडीपलीकडे साष्टी. म्हणजे कथेतील ब्रिटिश मुलूख मुंबई बेटापुरता नाही, त्यात साष्टीही आहे. परंतु १७६१ मध्ये साष्टी मराठ्यांची होती. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मिळालेली. ती इंग्रजांकडे गेली ती रघुनाथरावांच्या भाऊबंदकीत. दादासाहेब निवृत्त झाले असतील, तर ‘सरहद’ स्थानक माहीमच्या खाडीजवळ असावयास हवे होते. कथेत मुंबई भाडेपट्ट्याने देणारा १९०८ चा एक करार सांगितला आहे, त्यात साष्टीचाही समावेश झाला असेल असे म्हणून ही अडचण मिटविता येते. तथापि आखलेली रेघ हुबेहूब सालबाईची आहे. ज्या माणसाला कथेने एका वाक्यात घरी बसविले, त्याच्या हेतूने आखलेली सीमा तिच्या नकाशात तशीच राहून गेली.

मग त्या जगात उत्तरेकडचा रेल्वेमार्गही याच रेघेवर अडला पाहिजे. विरारहून निघालेली गाडी वसई रोड सोडून नायगावला थांबेल, उतारू परवाने हातात घेऊन उभे राहतील, आणि तपासणी आटोपल्यावर ती पाणजू बेटाच्या बाजूने पूल ओलांडून भाईंदरला, म्हणजे ब्रिटिश हद्दीत शिरेल.